उरलेलं पुढच्या केसांना

आमच्या शेजारच्या वहिनींना सगळी बिल्डिंग कात्रीवहिनी म्हणते. जिभेचा याच्याशी काही संबंध नाही, असं मी प्रत्येक नव्या भाडेकरूला आवर्जून सांगतो, म्हणजे त्याला संशय येतो. खरं कारण साधं आहे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला लागून वहिनींचं लहान मुलांचे केस कापायचं दुकान होतं. एक आरसा, एक खुर्ची, आणि खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायला एक फळी. मूल फळीवर, आईबाप बाहेर बाकावर.

लहान मुलाचे केस कापून घेणं म्हणजे काय असतं ते ज्याने घेतलेत त्याला विचारा. बापाने डोकं धरायचं, आईने हात धरायचे आणि कापणाऱ्याने जीव मुठीत धरायचा. वहिनींच्या दुकानात मात्र कोणी कोणाला धरत नसे. मुलाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की त्या म्हणायच्या, ‘हे बघ, मी गोष्ट सांगणार. तू ऐकतोयस हे मला कळायला पाहिजे. पण मान हलवलीस तर कान जाईल. तेव्हा नुसतं हं म्हणायचं.’

झालं. मग कुठल्याशा डोंगराखाली झोपलेला राक्षस, समुद्र प्यायलेली गाय, चंद्राला शिडी लावणारा चोर, असं काहीतरी सुरू व्हायचं. ‘राक्षसाने एक डोळा उघडला.’ ‘हं.’ ‘दुसरा उघडला.’ ‘हं.’ राक्षस उठून दाराशी आला की मूल दगडासारखं गप्प बसायचं, आणि नेमक्या तेव्हा वहिनी कानामागचे केस काढायच्या. भीतीच्या जागी कान आणि हसण्याच्या जागी टाळू, अशी त्यांची वाटणी होती. गोष्ट संपो न संपो, केस संपले की कापड झटकायच्या आणि म्हणायच्या, ‘उरलेलं पुढच्या केसांना.’ तिकडे राक्षस दारातच. पोरं घरी जाऊन आरशापुढे केस ओढून बघत, वाढले का म्हणून. याला धंदा म्हणतात. पण वहिनींना तसं म्हटलं की राग येतो.

त्या नुसत्या ‘हं’वरून मूल ओळखायच्या. हा झोपेचा, हा गोळी तोंडात धरल्याचा, हा घरी मार खाऊन आल्याचा. मीही एकदा हौसेने खुर्चीत जाऊन बसलो होतो. म्हटलं, आम्हांलाही ऐकवा एखादी. वहिनींनी माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारली.

‘भावजी, तुमच्या केसांत गोष्ट मावत नाही. चुटका चालेल का?’

बाहेरच्या बाकावर आमची ही बसली होती. ती ते अजून पाहुण्यांना सांगते.

पुढे वहिनींचं मनगट दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, कात्री बंद. दुकान बंद झालं. आरसा दुकानाच्या नव्या मालकाला गेला आणि खुर्ची घरी आली, कारण दादा तिला सोडायला तयार नव्हते. दादा म्हणजे वहिनींचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करणारे. अबोल माणूस. तळमजल्यावर काही विचारलं तर उत्तर चौथ्या मजल्यावर मिळतं, तेही मिळालं तर. त्यांनी खुर्चीला तेल घातलं, पायाने दाबायचा पंप नीट केला आणि ती बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली. आल्यागेल्याला सोफा दाखवायचा आणि तो बसणार मात्र त्या खुर्चीत, असा प्रकार सुरू झाला.

हात रिकामे राहिले ते वहिनींनी सोसलं. तोंड रिकामं राहिलं ते सोसेना. भाजीवाल्याला गोष्ट, इस्त्रीवाल्याला गोष्ट. इस्त्रीवाल्याने एक शर्ट जाळला. माझाच.

अशात त्यांच्या भाचीने एक काम आणलं. भाची एका कंपनीत आहे, ती कंपनी घरबसल्या शिकवायचे वर्ग चालवते. त्यात एक नवा वर्ग निघाला होता, देशोदेशीच्या पुराणकथा आणि गोष्ट सांगण्याची कला. शिकणारी सगळी मोठी माणसं. ‘माझ्या मावशीसारखं कोणी सांगत नाही,’ असा शब्द भाचीने साहेबांना दिला, आणि वहिनी लॅपटॉपसमोर बसून बाई झाल्या. दर शनिवारी दुपारी दादा दाराबाहेर चपला काढायच्या जागी एक पाटी लावून ठेवत. लिफ्टचीच जुनी पाटी होती, ‘काम चालू आहे’. आम्ही सगळे जिन्यातून हळू चालायचो.

आता मुद्द्यावर येतो. आमचं आणि त्यांचं स्वयंपाकघर, दोन्हींच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. मी कोणाचं ऐकत नाही. डक्ट ऐकवतो. तर एका सोमवारी सकाळी मी चहा गाळत होतो आणि वहिनींचा फोन स्पीकरवर होता. पलीकडून भाची बोलत होती.

‘मावशी, एंगेजमेंट फारच थंड आहे गं.’

माझं गाळणं थांबलं.

‘सुरुवातीला सगळे येतात, मग एकेक जण निघून जातो. साहेब म्हणाले, येत्या शनिवारी ते स्वतः बसून बघणार. अशीच राहिली तर मोडून टाकू म्हणाले. मी शब्द दिलाय, मावशी. मी काय तोंड दाखवू?’

वहिनींनी नळ बंद केला. मग म्हणाल्या, ‘बघते काय करता येतं ते.’

त्या पोरीचं काय वय, तिला इतके जण बघून गेले, एकेक करून निघून गेले, आणि आता ठरलेलं हे एकही मोडायच्या वाटेवर. त्यातून साहेबांशी. मला चहा गोड लागेना. मी आमच्या हिला सांगितलं. ती म्हणाली, ‘तुम्हांला काय करायचंय लोकांच्या घरात?’ आणि लगेच कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. तिथे तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका होती. दुपारपर्यंत पाचव्या मजल्याने हळहळ व्यक्त केली. संध्याकाळी वॉचमनने लिफ्टमध्ये दादांना गाठलं आणि म्हणाला, ‘दादा, होतं असं. मुलीच्या जातीने धीर सोडू नये.’

दादा म्हणाले, ‘हं.’

संपलं. घरच्या माणसानेच कबूल केलं म्हटल्यावर शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चेहरा लांब करून वहिनींच्या घरी गेलो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मी जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या, समोर लॅपटॉप, स्क्रीन बंद.

म्हटलं, ‘वहिनी, जे होतं ते बऱ्यासाठी. साहेबलोकांचा काय भरवसा. मुलगी गुणी आहे, दुसरं ठरेल.’

‘कोणाचं?’

‘भाचीचं.’

‘तिचं पहिलं कधी ठरलं?’

मग मला सगळं सांगावं लागलं, डक्टपासून वॉचमनपर्यंत. वहिनी ऐकत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. पंपावरचा पाय दाबला जात होता आणि खुर्ची थोडी थोडी वर चालली होती. पार वर पोचल्या तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले.

‘अहो भावजी, एंगेजमेंट म्हणजे वर्गातली. माणसं गुंतून राहतायत का, ते बघतात.’

‘मग गुंतवणूक म्हणा की सरळ.’

‘ती बँकेत.’

हसून झालं. मग सांगू लागल्या. वर्गात पन्नासेक माणसं होती. कोणी नर्स, कोणी टॅक्सीवाला, कोणी बँकेतला, कोणी नुकती आई झालेली. पण दिसत कोणीच नव्हतं. स्क्रीनवर नुसते काळे चौकोन, प्रत्येकात एक अक्षर, आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे माइक बंद. वहिनी सांगायच्या, ‘राक्षसाने एक डोळा उघडला,’ आणि पुढे काही नाही. म्हणून त्या घाबरून दुसरा डोळा घाईघाईने उघडायच्या. मग राक्षस तिथेच संपायचा. कोपऱ्यात आकडा दिसायचा, किती जण आहेत त्याचा. तो खाली खाली जायचा.

‘विहिरीत बोललं तर विहीर आवाज परत देते, भावजी. इथे तेही नाही.’

भाचीने सांगितलेलं सगळं त्यांनी करून पाहिलं होतं. रंगीत चित्रं लावली. मध्येच प्रश्न टाकला, महापूर का आला, खालीलपैकी योग्य पर्याय निवडा. एकाने निवडला, ‘यापैकी नाही’. अंगठे पाठवा म्हटलं तर अंगठे आले. पण अंगठा वर आहे म्हणजे माणूस जागा आहे असं थोडंच.

‘हा वर्ग गेला तर त्या पोरीचा शब्द जाईल. आणि माझं म्हणाल तर,’ वहिनी खुर्ची खाली आणत म्हणाल्या, ‘मी तुम्हांला गोष्टी सांगत बसेन. तुमचे बाकीचे शर्ट जपा.’

मी म्हटलं, ‘तुम्हांला समोर कोणीतरी हं म्हणायला पाहिजे. दादांना बसवा खुर्चीत.’

‘बसवले होते गेल्या शनिवारी. यांचा हं म्हणजे,’ वहिनींनी आतल्या खोलीकडे बघून आवाज जराही न उतरवता सांगितलं, ‘नवऱ्याचा हं. कान कुठेतरी आणि हं भलतीकडे. मी मध्येच म्हटलं, मी गॅलरीतून उडी मारतेय. हं म्हणाले.’

आतून दादा म्हणाले, ‘हं.’

तेव्हा वहिनींनी माझ्याकडे नीट पाहिलं, दुकानात फळीवरच्या मुलाकडे पाहायच्या तसं. ‘तुम्ही बसाल. बिल्डिंगभर बोंब मारलीत ना, मग फेडा. पण नुसतं हं. एक शब्द जास्त नाही. माझा माइक चालू असतो.’

शनिवारी मी गेलो. आमची ही म्हणाली, ‘जास्त बोलू नका,’ जणू मी कधी बोलतो. दादांनी लॅपटॉप समोरच्या कपाटावर ठेवला होता. वहिनी खुर्चीच्या मागे उभ्या, दुकानात असायच्या तशा. मला खुर्चीत बसवून त्यांनी सवयीने गळ्याभोवती कापड बांधलं आणि दादांनी पंप सोडून खुर्ची तळाला नेली, म्हणजे मी कॅमेऱ्यात दिसू नये. मान वर करायची नाही, असा मला दम होता.

चौकोन भरले. वहिनींनी नमस्कार केला. भाची एका चौकोनात होती, तिने नियम वाचून दाखवले, माइक बंद ठेवावेत वगैरे. एक नियम तिने दोनदा वाचला. साहेबही कुठल्यातरी चौकोनात असणार. कुठल्या, ते कोणाला ठाऊक.

वहिनींनी सुरुवात केली. जगाच्या कडेला एक म्हातारी राहते. तिच्याकडे एकच काम. संध्याकाळी सूर्य खाली आला की तो मडक्यात घालायचा, वर झाकण ठेवायचं, म्हणजे रात्रभर त्याची ऊब जात नाही. सकाळी झाकण काढायचं.

मी म्हटलं, ‘हं.’

माझ्या मागे वहिनींचा श्वास मोकळा झाला तो मला ऐकू आला. पुढचं वाक्य त्यांनी सावकाश सोडलं. एके दिवशी सकाळ झाली, म्हणजे व्हायला हवी होती, पण म्हातारीने झाकण काढलंच नाही. ‘हं.’ आरवून आरवून कोंबड्यांचे घसे बसले. ‘हं.’ माणसं कंदील घेऊन निघाली, वाटेत एकमेकांना धडकली, जगाच्या कडेला पोचली आणि म्हणाली, आजी, झाकण काढा. म्हातारी म्हणाली, काढते. पण एकेकाने सांगा, सूर्य तुम्हांला कशाला हवाय?

शेतकरी म्हणाला, पिकासाठी. म्हातारीने मान हलवली, नाही. धोबी म्हणाला, कपडे वाळायला. नाही. राजा म्हणाला, माझं राज्य दिसावं म्हणून. म्हातारी हसली आणि झाकणावर एक दगड ठेवला.

आता मला सांगा, माणसाने किती सोसायचं. सगळं जग अंधारात, आणि ही बया प्रश्न विचारत बसली आहे.

‘अहो, मग फोडा ना ते मडकं,’ मी म्हणालो.

वहिनींचा हात माझ्या टाळूवर पडला. उशीर झाला होता. स्क्रीनवर एका चौकोनाने नियम मोडून माइक उघडला. बाईचा आवाज होता, तान्ह्या बाळाच्या रडण्यासकट.

‘बाई, एक विचारू? ते खाली जे गोल दिसतंय मगापासून, ते मडकं आणून ठेवलंय का तुम्ही? ते बोललं का आता?’

दादा दारात उभे होते. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा आवाज करून हसताना पाहिलं. खुर्ची तळाला नेली होती खरी, पण माझ्या टाळूचा गोल सगळा वेळ कॅमेऱ्यात होता, खिडकीचा उजेड अंगावर घेऊन.

‘ते आमचे शेजारी आहेत,’ वहिनी म्हणाल्या. ‘मडकं जरा रिकामं आहे, पण चांगलं आहे.’

दुसरा माइक उघडला. मागे गाड्यांचे भोंगे, म्हणजे टॅक्सीवाला. ‘पण त्यांचं बरोबर आहे, बाई. फोडा म्हणावं.’

‘फोडलं तर ठेवणार कशात उद्या?’ तिसरी म्हणाली.

भाची घाईने म्हणाली, ‘कृपया सर्वांनी माइक—’

‘थांब जरा,’ वहिनी म्हणाल्या. आवाज दुकानातला होता. आईबापांना बाकावर पाठवताना लागायचा तो. ‘अहो, सगळ्यांचे माइक उघडायचं बटण कुठलं?’

हे बटण चुकूनही दाबायचं नाही, असं भाचीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण लिफ्टमधल्या माणसाला न दाबायचं बटण दाखवणं हीच चूक. गेले कित्येक शनिवार दादा त्या बटणाकडे बघत असणार. दोन पावलांत आले आणि दाबलं.

सगळ्या घरांचा आवाज एकदम खोलीत शिरला. कुठे कुकरची शिट्टी, कुठे कुत्रा, कुठे कोणी जेवतंय, कुठे पंखा कुरकुरतोय. वहिनींनी तो जरा वेळ नुसता ऐकला. मग म्हणाल्या, ‘आता कोणी बोलायचं नाही. ऐकताय तोवर हं म्हणायचं. हं आला नाही तर मी समजेन गेलात. तर म्हातारीने दगड ठेवला.’

आधी चार हं आले. मग दहा. मग सगळीकडून, मागेपुढे, मोठे बारीक. वहिनी सांगत होत्या आणि मध्येच कोणाला तरी पकडत होत्या. ‘हा हं आडवं पडून आलाय, उठून बसा.’ ‘नर्सताई, ड्यूटीवरून आलात ना, आधी पाणी प्या.’ ‘बाळाची आई, तुमचा हं हळू आला. झोपलं वाटतं. तुम्ही मनातल्या मनात म्हणा, मी धरून चालेन.’ चौकोन काळेच होते, पण आता त्यांच्या मागे कोण आहे ते कळत होतं. मग एक चौकोन उजळला, टॅक्सीचं स्टिअरिंग दिसलं. मग दुसरा. कोपऱ्यातला आकडा मी खालून बघत होतो. तो हलत नव्हता.

मग वहिनी थांबल्या. स्क्रीनवर त्यांचं डोकं एका बाजूला कललेलं दिसलं.

‘एक हं आहे,’ त्या म्हणाल्या, ‘जाड आवाजातला. बाकीच्यांच्या मागून एक वाक्य उशिरा येतोय. दुसरं काहीतरी वाचत बसलायत तुम्ही. वाचा, माझी हरकत नाही. पण कात्री कानाशी आली आहे.’

मग भाचीच्या चौकोनातून बारीक आवाज आला, ‘मावशी, ते साहेब आहेत.’

खोलीत सगळे गार. दादा बटणापासून दोन पावलं लांब गेले. वहिनींच्या बोटांनी माझ्या गळ्याभोवतीचं कापड घट्ट धरलं होतं, त्यांना कळत नव्हतं आणि मला श्वास येत नव्हता. पण आवाज तोच ठेवून त्या म्हणाल्या, ‘असूदेत. खुर्चीत बसलं की सगळे सारखे. तर साहेब, राजाही गप्प बसला. अंधारात कोणाला कोण राजा ते कळेना.’

पलीकडे काहीतरी बंद केल्याचा टक्‌ आवाज आला.

‘हं,’ जाड आवाज म्हणाला. बरोबर वेळेवर.

‘म्हातारी म्हणाली, तुम्हांला कोणालाच ठाऊक नाही. मग झाकण राहूदे. आणि ती उठली.’

‘हं.’

‘तेवढ्यात मडक्याच्या आतून टकटक झाली.’

एकही हं आला नाही. बाळसुद्धा गप्प.

‘म्हातारी दचकली. कारण तिला माहीत होतं, सूर्याला हात नसतात.’ वहिनींनी माझ्या गळ्याचं कापड सोडलं, दोन्ही टोकांना धरून झटकलं. झटकायला त्यात एकही केस नव्हता. ‘उरलेलं पुढच्या केसांना.’

‘म्हणजे?’ टॅक्सीवाला म्हणाला.

‘म्हणजे पुढच्या शनिवारी,’ वहिनी म्हणाल्या, आणि मग हळूच, ‘शनिवार झाला तर.’

स्क्रीन बंद केली आणि त्या मटकन सोफ्यावर बसल्या. दादांनी न सांगता पाणी आणलं. मी खुर्चीतच होतो, कारण मला वर आणायचं सगळे विसरले होते. वहिनी मनगट चोळत फोनकडे बघत होत्या.

फोन वाजला तो स्पीकरवरच उचलला गेला. मी काही ऐकायला थांबलो नव्हतो, माझे गुडघे खुर्चीत अडकले होते.

‘मावशी,’ भाची म्हणाली, ‘साहेबांचा आत्ताच फोन येऊन गेला.’

‘बोल.’

‘आधी ओरडले. नियम मोडले, बटण दाबलं, त्यांना सगळ्यांसमोर बोललीस. मी म्हटलं, सॉरी सर, मग वर्ग बंद करायचा का? तर म्हणाले, ते नंतर बघू. आधी मावशींना विचार, आत कोण होतं.’

वहिनींनी डोळे मिटले. मग उघडले, आणि त्यांच्या तोंडावर दुकानातलं ते जुनं हसू आलं, केस ओढत आलेल्या पोराला बघून यायचं ते.

‘साहेबांना सांग, उरलेलं पुढच्या केसांना.’

‘मावशी, ते माझे साहेब आहेत.’

‘मग त्यांना सांग, पुढच्या शनिवारी वेळेवर बसा.’

भाची हसायला लागली. बराच वेळ हसत होती. त्यानंतर वर्ग बंद करायचं कोणी बोललंच नाही. साहेब दर शनिवारी बसतात म्हणे, अजून त्यांचा हं सगळ्यांत जाड आहे.

दादांनी पंप दाबून मला वर आणलं. मी म्हटलं, ‘वहिनी, मी तर घरचाच. पहिला हं माझा होता. मला सांगा की, मडक्यात कोण होतं?’

वहिनींनी कापडाची घडी घातली. माझ्या डोक्याभोवती एक फेरी मारली, हात न लावता.

‘भावजी,’ त्या म्हणाल्या, ‘तुमच्या पुढच्या केसांना अजून फार वेळ आहे.’